फळ्यावर लिहिलेलं विमान

सणसरच्या दूध डेअरीच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. त्यावर तीस वर्षं सावळारामतात्यांच्या हातानं पाणीपाळी लिहिली गेली. कालव्यातून फुटलेल्या कोणत्या चारीला कोणत्या दिवशी पाणी, कुणाचं दार किती वाजता उघडायचं आणि किती वाजता पाडायचं, सगळं खडूनं, मोठ्या गोल अक्षरात. तात्या नीरेच्या डाव्या कालव्यावर पाटकरी, म्हणजे पाणी वाटून देणारे, होते. त्यांच्या आधीचा पाटकरी पाळ्या खिशातल्या वहीत ठेवायचा आणि ज्याच्या घरी कोंबडं शिजेल त्याचं दार आधी उघडायचा. तात्यांनी आल्या आल्या ती वही बंद केली आणि फळा मागवला. जे आहे ते चारचौघांना दिसू दे, मग भांडण कशाला होतंय, हे त्यांचं म्हणणं. आणि खरंच भांडणं कमी झाली. माणसाला जन्मात एखादी गोष्ट मनासारखी जमली की तो ती जिथं तिथं लावत सुटतो. तात्यांचं तसंच झालं.

ते निवृत्त झाले, नवा पाटकरी पाळ्या मोबाइलवर पाठवू लागला आणि फळा ओस पडला. त्यावर कधी हरवलेल्या शेळीची खबर, कधी लसीकरणाची तारीख. मग तात्यांची एकुलती एक लेक उत्कर्षा बारामतीच्या विमानतळावर एका शाळेत वैमानिक व्हायला गेली. दोनशे तास विमान चालवायचं, परीक्षा द्यायच्या, नोंदीत एकही डाग लागू द्यायचा नाही, मग परवाना. हे गणित तात्यांना पाठ होतं आणि तात्यांमुळं गावालाही.

ती पहिल्यांदा एकटी उडणार होती त्याच्या आदल्या संध्याकाळी तात्या खडू घेऊन डेअरीवर गेले. फळा ओल्या फडक्यानं पुसला आणि लिहिलं, ‘उद्या सकाळी ८.१०. आमची उत्कर्षा. निळ्या पट्ट्याचं विमान. कळंब, अंथुर्णे, सणसर.’ सकाळी निम्मं गाव गच्चीवर होतं. उत्कर्षाच्या आईनं, मुक्ताबाईंनी, पोरीला वरून घर सापडावं म्हणून आपली पिवळी साडी कठड्यावर पसरली. विमान आलं, एक वळसा घालून गेलं, आणि तात्या रडले. त्यांना कुणी हसलं नाही.

तेव्हापासून नेमच झाला. रोज संध्याकाळी तात्या लेकीला फोन करायचे. उद्या किती वाजता, कोणतं विमान, तुझ्या आधी कोण. ती बापाला आण्णा म्हणायची; भाबडेपणानं सांगायची, आण्णा, आधी सोनम, ती उतरली की मी. सोनम तिची खोलीतली जोडीदारीण. तात्या फोन ठेवून सरळ डेअरीवर जायचे आणि फळ्यावर लिहायचे, ‘आधी सोनम, मग उत्कर्षा.’ फक्त एक अडचण होती. सकाळी आभाळात चार चार शिकाऊ विमानं घिरट्या घालतात आणि खालून सगळी सारखीच दिसतात. शेजारच्या गेणबानं एकदा दहा मिनिटं भलत्याच विमानाला टॉवेल हलवला होता. ही अडचण सोडवायला राजवर्धन आला.

राजवर्धन कळंबचा. उसावर ड्रोननं औषध फवारायचा त्याचा धंदा, चार ड्रोन, दोन गाड्या, बोलायला मऊ. दोन वर्षांपूर्वी उत्कर्षाला त्याचं स्थळ आलं होतं. बैठक झाली, पोहे झाले, सुपारीची तारीख तेवढी राहिली होती, आणि उत्कर्षा नाही म्हणाली. आधी परवाना, हे कारण लोकांना सांगितलं. आईला तिनं खरं सांगितलं होतं, “तो बोलत हुता माझ्याशी आणि बघत हुता माझ्या फोनकडं. कुणाचा फोन येतोय ते.” मुक्ताबाईंना ते पटलं. तात्यांना मात्र शरम वाटली. दारात येऊन बसलेल्या माणसांना रिकामं पाठवलं, हे त्यांना सलत राहिलं. ते शाल-नारळ घेऊन कळंबला गेले, हात जोडले. राजवर्धन पाया पडला आणि म्हणाला, सोयरीक नाही झाली म्हणून मी तुम्हाला मामा म्हणायचं सोडू का? तात्यांना केवढं बरं वाटलं. आमच्याकडं मामा म्हणण्यात मामाच्या लेकीवरचा हक्क धरलेला असतो, हे मुक्ताबाईंनी त्यांना त्याच संध्याकाळी ऐकवलं. तात्यांनी ते बायकांचं डोकं म्हणून सोडून दिलं.

तर हा राजवर्धन एका रविवारी वीतभर उंचीचा अँटेना आणि छोटी पेटी घेऊन आला. त्यानं समजावून सांगितलं ते असं. आता नियमच झालाय, प्रत्येक विमानात एक यंत्र लागतं. मी कोण, कुठं आहे, किती उंचीवर आहे, किती वेगानं चाललोय, हे ते यंत्र दर सेकंदाला ओरडून सांगत असतं. दुसऱ्या विमानांना कळावं, टक्कर होऊ नये, म्हणून. ते ओरडणं कुलूपबंद नसतं, ज्याच्याकडं असला अँटेना आहे त्याला ऐकू येतं, आणि त्यानं ते विमानं दाखवणाऱ्या अॅपवर सोडलं की साऱ्या जगाला दिसतं. फक्त आपल्या भागात खालून उडणारी विमानं अॅपवर दिसत नाहीत, कारण जवळपास अँटेनाच नाही.

“तुमच्या गच्चीवर बसवू, मामा. तुमच्या नावानं.”

“म्हंजे आभाळाचा फळाच की रं हा,” तात्या म्हणाले, आणि स्वतः शिडी धरून उभे राहिले.

उत्कर्षाला हे फोनवर कळलं. ती लगेच म्हणाली, आण्णा, ते नको. सगळ्यांना कशाला दिसायला पाहिजे मी कुठं आहे ते? तात्या हसले. “आपल्याला काय लपवायचंय, पोरी? ज्याचं काम चोख त्यानं कशाला भ्यायचं?” तीस वर्षं हेच वाक्य ते शेतकऱ्यांना सांगत आले होते. पाण्याच्या बाबतीत ते बरोबर होतं. पण पोरगी म्हणजे काही चारी नव्हे, हे कुणी त्यांना सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं.

मग रोज सकाळी तात्यांच्या ओसरीवर पाच-सहा जण जमायचे. गेणबा, शकुबाई, डेअरीचा मापारी. मोबाइल मध्ये ठेवलेला, त्यात पिवळं विमान मुंगीच्या चालीनं सरकतंय, आणि चहा. दिसायला मोठं गोड दृश्य होतं. एकदा गावाच्या सभागृहाच्या उद्घाटनाला एक बडे पाहुणे हेलिकॉप्टरनं आले. धुरळा उडवत ते शाळेच्या मैदानात उतरलं आणि अॅपवर मात्र काहीच नव्हतं. गेणबानं विचारलं, ते कसं काय दिसत न्हाय? राजवर्धन म्हणाला, बडे लोक अर्ज करून आपलं नाव काढून घेतात. कुठं अर्ज करायचा, त्यांना ठाऊक असतं. सगळे हसले. आपली पोर दिसते आणि साहेब दिसत नाही, यात हसण्यासारखं काय होतं, हे तात्यांना तेव्हा सुचलं नाही.

पहिला स्क्रीनशॉट तिला दिवाळीनंतर आला. तिच्या सकाळच्या उड्डाणाची रेघ, कळंबवरची गोल गोल वळणं, आणि खाली एक ओळ, ‘उजवीकडं वळताना अजून घाबरतेस.’ नंबर राजवर्धनचा. तिनं तो नंबर बंद केला. दुसऱ्या नंबरावरून आलं. मग तो दिसायला लागला. ती उतरली, कागद भरले, स्कूटरवर बसून निघाली की एमआयडीसीच्या फाट्यावर त्याची पांढरी गाडी उभी. पुढं येत नाही, बोलत नाही, काच खाली करून बघतो फक्त. उशिरा उतरली तर उशिरा, लवकर उतरली तर लवकर. त्याला वाट बघावी लागतच नव्हती. एकदा ती लांबच्या उड्डाणाला सोलापूरला गेली, आदल्या दिवशी ते फळ्यावर होतंच; तिथं उतरून चहा घ्यायला बाहेर आली, तर फाटकापलीकडं तीच गाडी.

ती पोलीस चौकीत गेली. तिथं तिला विचारलं, तो काय बोलला? काही नाही. हात लावला? नाही. अडवलं? नाही. मग बाई, रस्ता सगळ्यांचा आहे आणि अॅपपण सगळ्यांचं आहे, तक्रार कशाची लिहू? मग ती विमानाच्या शाळेतल्या मोठ्या शिक्षकांकडं, आनंद सरांकडं गेली. ते भले गृहस्थ. त्यांनी दोन ठिकाणी पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. यंत्र बंद ठेवता येणार नाही, एवढं मात्र त्यांनी बजावलं. ते बंद झालं तर दुसऱ्या विमानाला तू दिसणार नाहीस, आणि तुझा परवानाही मग कुणाला दिसणार नाही, असं ते म्हणाले.

शेवटी ती घरी आली आणि बापाला सगळं सांगितलं. मुक्ताबाईंनी कपाळाला हात लावला.  तात्यांनी राजवर्धनला फोन केला, पण आवाज चढवला नाही, मोडलेल्या सोयरिकीची शरम अजून होतीच. तिकडून मऊ आवाज आला, मामा, त्या फाट्यावर माझं औषधाचं गोदाम हाय, मी उभा ऱ्हायचं न्हाय व्हय? तात्यांना तेवढं पुरलं. म्हणाले, त्याच्या मनात वाईट न्हाय.

“मग निदान फळ्यावर लिवू नका, आण्णा.”

“बंद केलं तर लोक इचारतील, का बंद केलं. काय सांगू मी त्यास्नी?”

खरं कारण एवढंच होतं. लेकीच्या मागं कुणी लागलंय हे गावाला कळण्यापेक्षा लेक किती वाजता कुठं आहे हे गावाला कळलेलं त्यांना परवडत होतं. याला कुणी बापाची माया म्हणेल. मला तसं म्हणवत नाही.

मार्च उजाडला. तिचे एकशे अठ्ठ्याऐंशी तास झाले होते, बारा राहिले होते. एका मंगळवारी ती नेहमीसारखी कळंबच्या वर वळणं घेत होती. उजवीकडं वाकली आणि खाली तिला आपलं नाव दिसलं. ऊस तुटलेल्या मोकळ्या रानात, क्रिकेटचं मैदान आखतात त्या पांढऱ्या फक्कीनं लिहिलेलं. एकेक अक्षर ट्रॉलीएवढं. गेले कित्येक दिवस ती जिथं वळत होती, नेमकं त्या वळणाच्या पोटात. रस्त्यावरून ते कुणाला दिसलं नसतं. ते फक्त वरून वाचता येत होतं, आणि वर ती एकटी होती.

ती नीट उतरली. हात धुतले, कागद भरले. फोन उघडला तर मेसेज होता, ‘दिसलं का?’

तिनं बापाला फोन लावला.  “आण्णा, फळा पुसा. अँटेना काढा. आजच.” का ते तिनं सांगितलं. तात्या हबकले. त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. ते म्हणाले, काढतो, पोरी, काढतो. मग म्हणाले, “उद्या काढतो. उद्या गेणबाचं पाव्हणं येणार हायती फलटणवरनं, तुजं विमान बघायला. त्यास्नी शब्द दिलाय. एवढा उद्याचा दिस.”

पलीकडून फोन बंद झाला. तात्या डेअरीवर जाऊन लिहून आले, ‘उद्या ८.१०.’

बुधवारी ओसरी भरलेली होती. गेणबाचे पाहुणे जाजमावर, शकुबाई उंबऱ्यात. मुक्ताबाई बाहेर आल्याच नाहीत आणि त्या दिवशी कठड्यावर साडीही पसरली नाही. आठ दहाला पडद्यावरचं पिवळं विमान निघालं. पण कळंबकडं वळलं नाही, सरळ इंदापूरच्या बाजूला गेलं. तात्या म्हणाले, आज वाट वेगळी घेतली वाटतं. ते उजनीच्या पाण्यावर आलं. निळ्या रंगावर पिवळा ठिपका, सगळ्यांनी माना पुढं केल्या. आणि ठिपका गेला.

आधी वाटलं, मोबाइल अडकला. तात्यांनी बोटानं पडदा हलवला. बाकीची विमानं चालत होती. हेच नव्हतं. एक मिनिट, दोन मिनिटं. पाहुण्यांपैकी कुणीतरी हळूच म्हणालं, पाण्यात तर न्हाय ना गेलं? 

तात्यांच्या फोनमध्ये आनंद सरांचा नंबर होता. लेकीनं दिला होता, काही झालं तर आधी इथं लावा म्हणून. तात्यांनी तो लावला नाही. अॅपमधलं कळतं असा त्यांच्या माहितीत एकच माणूस होता. त्यांनी राजवर्धनला लावला.

“मामा, मी पण बघतोय,” तो शांतपणे म्हणाला. “विमान गेलंय. तुमी काय करू नगा. मी कळवतो सगळ्यांला.”

आणि त्यानं खरंच सगळ्यांना कळवलं. पोलिसांना, तालुक्याला, त्याच्या ओळखीच्या बातमीवाल्याला. सात-आठ मिनिटांत उजनीत मासेमारीच्या तीन होड्या निघाल्या आणि शिकाऊ विमान धरणात कोसळल्याची भीती अशी पट्टी मोबाइलवर फिरू लागली. इकडं मुक्ताबाई देवघरापुढं बसल्या होत्या त्या हललेल्या नव्हत्या.

विमान कुठंही गेलं नव्हतं. पाण्यावर आल्यावर उत्कर्षानं यंत्राचं बटण फिरवलं आणि अकरा मिनिटं ती कुणालाही न दिसता उडाली. पुढं तिनं आईला सांगितलं, ती अकरा मिनिटं तिला पहिल्या दिवसासारखी वाटली. मग तिनं बटण परत फिरवलं, ठिपका परत आला, पण तोवर फोन सगळीकडं गेले होते. ती बारामतीला वळली आणि उतरली. धावपट्टीच्या कडेला पोलिसांची गाडी उभी होती.

तात्या गेणबाच्या मोटरसायकलवरून तिथं पोचले तेव्हा ती एका बाकावर बसली होती. त्यांनी तिला जवळ घ्यायला हात पुढं केले. ती उठली आणि आत निघून गेली. आनंद सर बाहेर आले. ते रागावलेले नव्हते, दमलेले होते.

“तात्या, तुम्ही पहिला फोन मला केला असता तर? मी रेडिओवर विचारलं, तिनं दोन मिनिटांत उत्तर दिलं. मी तिला झापलं असतं, आठवडाभर जमिनीवर बसवलं असतं आणि हे प्रकरण या चार भिंतीत संपलं असतं. आता मंत्रालयापर्यंत फोन गेलेत. आता माझ्या हातात काही नाही.”

तात्या परत मोटरसायकलवर बसले. 

चौकशीला वरच्या कार्यालयातून पद्मा नावाच्या बाई आल्या. बाई सरळ होत्या. त्यांनी उत्कर्षाला विचारलं, यंत्र चुकून बंद पडलं का? त्या प्रश्नात एक वाट ठेवलेली होती, चूक म्हणून सुटायची. उत्कर्षा म्हणाली, नाही, मी बंद केलं. आणि का केलं तेही सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या की ती तक्रार वेगळी, ती पोलिसांकडं. माझ्यापुढं प्रश्न एकच आहे.

मग त्यांनी एक गठ्ठा पुढं केला. चार महिन्यांच्या उड्डाणांच्या नोंदी, सेकंदासेकंदाच्या, आणि त्यात बुधवारची अकरा मिनिटं कोरी. कळंबच्या एका जागरूक नागरिकानं त्या आणून दिल्या होत्या. फक्त अँटेना तात्यांच्या नावावर असल्यामुळं नोंदी खऱ्या आहेत अशी सही तात्यांची लागणार होती.

इथं तात्यांनी जन्मातली शेवटची मोठी चूक केली. त्यांना वाटलं, हा सगळा गठ्ठा जाऊ दे. सगळं उघड्यावर येऊ दे. पोरगी जिथं जिथं गेली तिथं तिथं तो होता, हे आपोआप दिसेल. त्यांनी गोल अक्षरात सही केली आणि बाईंना म्हणाले, “आता ह्याच्यात त्यो पण बघा, म्याडम. रोज मागं असायचा.”

बाईंनी पानं चाळली, पुन्हा चाळली. मग हळू आवाजात म्हणाल्या, “काका, यात फक्त विमान आहे. कोण बघत होतं, त्याची नोंद कुठंच राहत नाही.”

तात्यांनी गठ्ठा ओढून घेऊन पानं उलटली. सगळी पानं त्यांच्या गच्चीवरून गेलेली, त्यांच्या नावाची, आणि त्यावर एकाच माणसाचा गुन्हा. तो त्यांच्या लेकीचा. पाण्याच्या फळ्यावर चोरी करणारा सापडायचा. या फळ्यावर चोर सापडणारच नव्हता, कारण तो फळ्यासमोर उभा होता, आणि त्याला तिथं आणून उभं करणारे ते स्वतः होते.

निकाल आला. एक वर्ष उड्डाण बंद, त्यानंतर काही तपासण्या पुन्हा, आणि नोंदीत ती ओळ कायमची. कोणतीही कंपनी ती ओळ आधी वाचते, हे आनंद सरांनी सांगितलं. उत्कर्षा एक बॅग घेऊन घरी आली. बापाशी बोलायची, पण कामापुरतं. जेवायला चला, गॅस संपलाय, एवढंच. तात्यांनी एकदा माफी मागायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, आण्णा. तुमी वाईट न्हाय केलं. तुमी नुसतं सगळ्यांला सांगितलं.” त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर त्यांना झोप लागली असती.

तीन आठवड्यांनी, सकाळी आठच्या सुमाराला, पांढरी गाडी दारात थांबली. राजवर्धन उतरला, पेढ्यांचा बॉक्स ओसरीवर ठेवला आणि वाकून तात्यांच्या पाया पडला. तात्यांना पाय मागं घ्यायचं सुचलं नाही. तो खुर्चीत बसला. म्हणाला, झालं गेलं, मामा, वाईट वाटतं. लोक आता कायबाय बोलत्यात, दुसरं स्थळ यायला अवघड जाईल. माझ्या घरच्यांचं मन अजून मोठं हाय. उत्कर्षा आता घरीच हाय, तर परत बसू या का?

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. चहा काही बाहेर आला नाही.

तात्या उठले. कोपऱ्यातला पाना घेतला, शिडी लावली आणि गच्चीवर गेले. बोल्ट गंजलेले नव्हते, एकेक करून सोडवले. वायर ओढून तोडली. अँटेना घेऊन खाली आले आणि तो राजवर्धनच्या मांडीवर ठेवला.

“घिऊन जा. आणि ह्या दारात परत यायचं न्हाय. मला मामा म्हणायचं न्हाय.”

साठ वर्षांत सावळारामतात्या दारातल्या माणसाला असं कधी बोलले नव्हते. हे दोन वर्षांआधी बोलले असते तर किती बरं झालं असतं.

राजवर्धनला राग आला नाही. त्यानं अँटेना उलटापालटा करून बघितला, खाली ठेवला आणि म्हणाला, “ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. माझ्या गोदामावर मी दुसरा बसवलाय, महिना झाला. ह्याच्यापेक्षा उंच हाय. पार सोलापूरपर्यंत दिसतं.”

तेवढ्यात वरून घरघर ऐकू आली. त्याच्या खिशात फोन वाजला, एकदाच, टिंग करून. त्यानं तो काढला, बघितला आणि त्याच्या चेहऱ्यावर ओळखीचं माणूस भेटल्यासारखं हसू आलं.

“सोनम,” तो म्हणाला. “आठ दहाची वेळ आता हिला दिलीय. आधी सोनम, मग उत्कर्षा. तुमीच लिवायचा की फळ्यावर.” मग पडद्यावर बोट ठेवून जरा वेळ बघत राहिला. “ही डावीकडं वळताना घाबरते.”

उत्कर्षा केव्हा दारात येऊन उभी राहिली होती ते कुणाला कळलं नाही. ती त्याच्याकडं बघतही नव्हती. ती फोन कानाला लावून उभी होती, पुन्हा पुन्हा लावत होती. सोनमचा फोन शाळेच्या कपाटात असणार, उडताना तो तिथंच ठेवावा लागतो, हे तिला माहीत होतं. तरी ती लावत होती. वर निळ्या पट्ट्याचं विमान सणसरवर आलं, डावीकडं जरा डगमगत वळलं आणि कळंबच्या दिशेनं गेलं.